मोडल्या हाडांचे वैद्य : सर रॉबर्ट जोन्स

पावसाळा तोंडावर आला म्हणजे खेडोपाडीं घरें शाकारण्याचें काम निघतें. कोणी छपरावरून घसरतो, कोणी आंब्याच्या झाडावरून खालीं येतो, कोणाच्या मांडीवरून भरल्या गाडीचें चाक जातें, तर कोणी विहीर खोदतांना दरडीखालीं सांपडतो. आमच्या वाचकांपैकीं असा एकहि नसेल कीं ज्यानें हाड मोडलेला मनुष्य पाहिला नाहीं. त्यापुढची गोष्टहि आपणां सर्वांस ठाऊक आहे. ज्याच्या घरीं पैसा आहे त्याचा पाय मोडला तर शहरचा डॉक्टर मिळतो, दोन-तीन महिने खाटेवर पडून राहण्याची सोय होते, आणि तो बहुधा पूर्वींसारखा चालूं लागतो. ज्याचें पोट त्या पायावरच आहे त्याचा पाय मात्र वांकडा जुळतो, आणि त्या वांकड्या पायाबरोबर सारें घर लंगडूं लागतें. मुलगा शाळेंतून निघतो, बैल विकला जातो, आणि मळ्याची मालकीण दुसऱ्याच्या शेतावर खुरपें घेऊन जाते.

हें अंतर आपल्याच देशांत आहे असें कोणीं समजूं नये. सव्वाशें-दीडशें वर्षांपूर्वीं इंग्लंडांतील भरभराटीच्या बंदरांतहि नेमकें हेंच घडत होतें. तें अंतर कमी करण्यासाठीं ज्या एका शस्त्रवैद्यानें आपलें सारें आयुष्य वेंचलें, त्यांची हकीकत आज सादर करण्याचें आम्हीं योजिलें आहे. त्यांचें नांव सर रॉबर्ट जोन्स. हाडांच्या शस्त्रक्रियेचा अभ्यास करणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या कानावरून हें नांव जातें. पण ज्या गरिबांच्या हातापायांसाठीं ते झटले, त्यांच्यासारख्या लोकांच्या झोंपड्यांपर्यंत तें फारसें पोहोंचलेलें नाहीं.

रॉबर्ट जोन्स यांची गोष्ट त्यांच्या आत्याच्या यजमानांपासून सांगितली पाहिजे. वेल्स देशाच्या वायव्येस अँगलसी नांवाचें एक बेट आहे. तेथें हाडें बसविणाऱ्यांचें एक जुनें घराणें होतें. त्याचा मूळपुरुष लहानपणीं फुटलेल्या जहाजांतून किनाऱ्यास लागला होता अशी दंतकथा आहे. ह्या घराण्यांत कोणाजवळ वैद्यकीची पदवी नव्हती. बापाच्या हाताखालीं मुलगा शिके, आणि निखळलेला खांदा किंवा मोडलेलें मनगट हातांच्या स्पर्शानें ओळखून जागीं बसवी. आपल्याकडील हाडवैद्यांसारखेच हे लोक. त्यांच्यापैकीं इव्हान थॉमस हे लिव्हरपूल शहरीं येऊन राहिले. त्यांच्याकडे लोकांची रीघ लागली, तसा शहरांतील डॉक्टरांचा रोषहि झाला. पदवीवांचून वैद्यकी करितात म्हणून त्यांस एकाहून अधिक वेळां कोर्टांत उभें राहावें लागलें. ह्या जाचास कंटाळून इव्हान थॉमस यांनीं आपल्या पांचहि मुलांना रीतसर वैद्यकी शिकविली. त्यांतील वडील मुलगा ह्यू ओवेन थॉमस. त्यांचा जन्म १८३४ सालचा.

ह्यू थॉमस हे पदवी घेऊन परत आले खरे, पण बापलेकांचें एकत्र काम फार दिवस टिकलें नाहीं. एकाच्या हातांत परंपरा होती, दुसऱ्याच्या डोक्यांत शास्त्र होतें, आणि दोघांच्याहि स्वभावांत वाकणें नव्हतें. ह्यू वेगळे झाले, आणि पुढें नेल्सन स्ट्रीटवरील ११ नंबरच्या घरीं त्यांनीं जन्मभर काम केलें. हें घर गोदीपासून जवळ होतें. बोटींवर माल चढविणारे हमाल, खलाशी, बॉयलर साफ करणारे कामगार आणि त्यांचीं मुलेंबाळें हेच त्यांचे रोगी. शरीरानें किरकोळ, अधू डोळ्यावर टोपी ओढलेली, ओठांत सदोदित सिगारेट, असे ते वागण्यांत फटकळ होते, पण गरिबांस त्यांचा मोठा आधार वाटे. घराच्या मागेंच त्यांनीं कारखाना घातला होता. तेथें लोहार आणि चामड्याचें काम करणारा कारागीर बसलेला असे. रोग्याचें माप घेऊन तेथल्या तेथें लोखंडी आधार घडवीत. मोडलेल्या किंवा सुजलेल्या सांध्यास पुरी विश्रांति द्यावी, तींत खंड पडूं देऊं नये, आणि ती पुरेशी दीर्घ असावी, हें त्यांचें सूत्र होतें. त्या वेळचे पुष्कळ शस्त्रवैद्य असा पाय कापूनच टाकीत. थॉमस तो वांचविण्याची खटपट करीत.

रविवारीं सकाळीं ते गरिबांस फुकट पाहात. कधीं कधीं शंभरावर माणसें दारांत जमत. आमच्या कांहीं बंधूंस रविवारचें हें काम खटकेल. पण गोदीच्या मजुरानें आठवड्याच्या इतर दिवशीं कामावर दांडी मारली म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडे, आणि मजुरी बुडवून पाय दाखविण्यास येणें त्याला परवडत नसे. फुकट औषध देणें आणि तें घेण्यास गरिबाला येतां येईल अशा वेळीं देणें, ह्या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. आजहि पुष्कळ दवाखान्यांतून पहिली असते, दुसरी नसते.

अशा ह्या घरीं १८७३ सालीं सोळा वर्षांचा एक मुलगा येऊन राहिला. तोच आमचा चरित्रनायक. रॉबर्ट जोन्स यांचा जन्म २८ जून १८५७ रोजीं वेल्सच्या उत्तर किनाऱ्यावरील ऱ्हील ह्या गांवीं झाला. वडिलांनीं चांगला चाललेला धंदा सोडून लंडनांत वर्तमानपत्रांसाठीं लिहिण्याचें काम धरिलें, आणि त्या नादांत घर दारिद्र्यास लागलें. आत्याला मूलबाळ नव्हतें. तिनें व तिच्या यजमानांनीं रॉबर्टास आपल्याकडे बोलावून घेतलें. दिवसां वैद्यकीच्या शाळेंत जावें आणि उरल्या वेळांत नेल्सन स्ट्रीटवर पट्ट्या बांधाव्या, असा त्याचा क्रम पडला. १८७८ सालीं परीक्षा उतरून तो डॉक्टर झाला आणि त्याच घरीं मदतनीस म्हणून राहिला. पुस्तकांतून शिकलेले डॉक्टर त्या शहरांत पुष्कळ होते. मोडलेल्या हाडाखालीं दडलेली माणसाची चिंता वाचणारे थोडे. ही दुसरी विद्या जोन्स यांस त्या रविवारच्या गर्दींत मिळाली. मात्र थॉमस यांचा फटकळपणा त्यांनीं उचलला नाहीं. ते हंसतमुख होते, मुलांशीं मूल होत, आणि विरोधकालाहि शेजारीं बसवून घेत. थॉमस यांच्या चांगल्या युक्त्या तीस वर्षें लिव्हरपुलाबाहेर कोणीं मानिल्या नाहींत. त्याच युक्त्या पुढें जगभर गेल्या त्या जोन्स यांच्या ह्या स्वभावामुळें, असें आम्हांस वाटतें.

आतां त्यांच्या आयुष्यांतील पहिल्या मोठ्या कामाकडे वळूं.

मँचेस्टर हें कापडाच्या गिरण्यांचें शहर समुद्रापासून दूर आहे. तेथपर्यंत मोठीं जहाजें नेण्यासाठीं ३६ मैल लांबीचा कालवा खोदण्याचें ठरलें आणि १८८७ च्या नोव्हेंबरांत पहिलें ढेंकूळ काढलें गेलें. काम ऐन भरांत असतांना सोळा-सतरा हजार मजूर त्यावर खपत होते. वाफेचीं खोदयंत्रें, मातीच्या डब्यांच्या गाड्या ओढणारीं इंजिनें, खडक फोडण्याचे सुरुंग, उंच दरडी, रात्रीं दिव्यांच्या उजेडांत चालणारें काम, आणि १८९० सालीं खोदलेल्या भागांत घुसलेलें पुराचें पाणी, इतकें सांगितलें म्हणजे रोज काय होत असेल तें वाचकांच्या लक्षांत येईल. हे मजूर आयर्लंड, वेल्स व इंग्लंडच्या खेड्यांतून आलेले, आज येथें उद्यां तेथें राहणारे असत. अशा माणसाची तंगडी डब्यांच्या चाकाखालीं गेली तर त्याला उचलून फळीवर घालीत, खडबडीत रस्त्यानें कित्येक मैल नेत, आणि शहराच्या इस्पितळांत पोहोंचेपर्यंत तो अर्धा मेलेला असे.

मांडीचें हाड मोडलें असतां माणूस मरतो तो मोडीमुळें मरतो असें पुष्कळांस वाटतें. खरी गोष्ट निराळी आहे. मांडीचे स्नायू फार जोरकस असतात. हाड तुटलें कीं ते आंखडतात, आणि तुटलेलीं टोंकें एकमेकांवर चढून मांसांत घुसतात. आधार न देतां रोग्यास हलविलें म्हणजे तीं टोंकें करवतीसारखीं आंत फिरतात, रक्तवाहिन्या फाटतात, मांडींत शेराच्या शेर रक्त सांचतें, आणि माणूस पांढराफटक पडून थंड होतो. म्हणजे पुष्कळदां मरण पडण्यांत नसतें, उचलण्यांत असतें.

१८८८ सालीं जोन्स यांस ह्या कालव्याच्या कामावर मुख्य शस्त्रवैद्य नेमण्यांत आलें. तेव्हां ते अवघे एकतीस वर्षांच्या सुमाराचे होते. कामाचा ठेका टॉमस वॉकर यांच्याकडे होता. हे ठेकेदार मजुरांच्या सुखसोयीकडे लक्ष देणारे होते, म्हणून तरुण डॉक्टराच्या योजनेस पैसा मिळाला. जोन्स यांनीं काय केलें? त्यांनीं कालव्याचे भाग पाडिले आणि कांठानें तीन इस्पितळें उभारलीं. त्यांच्या मधल्या टप्प्यांत प्रथमोपचाराचीं ठाणीं ठेविलीं. माती वाहण्यासाठीं कालव्याच्या कडेनें जो तात्पुरता लोहमार्ग घातला होता, त्याच मार्गानें जखमी मनुष्यास इस्पितळीं आणण्याची तजवीज केली. जेथें माणूस पडला तेथेंच त्याचें अंग सरळ करून आधार बांधावयाचा, मग हलवावयाचें. इस्पितळांत हाडांच्या कामांत तयार झालेले डॉक्टर व परिचारिका ठेविल्या. कठीण प्रसंग आला कीं जोन्स यांस निरोप जाई, आणि ते स्वतः येऊन शस्त्रक्रिया करीत.

अपघात झालेल्या माणसास पडल्या जागेपासून बरा होईपर्यंत एकाच सूत्रानें सांभाळणारी अशी व्यवस्था जगांत ह्यापूर्वीं कोठें झाल्याचें वैद्यकीच्या इतिहासकारांस आढळत नाहीं. आज मोठ्या महामार्गांवर ठिकठिकाणीं रुग्णवाहिका उभ्या असतात, आणि महाराष्ट्रांत २०१४ सालापासून १०८ ह्या आंकड्यावर फोन केला असतां फुकट गाडी येते, ती ह्याच कल्पनेची पणती म्हणावी. आणि ही कल्पना प्रथम कोणा राजेरजवाड्यांसाठीं निघाली नाहीं. कुदळ-फावडें घेऊन चिखलांत उभ्या असलेल्या मजुरांसाठीं निघाली.

परंतु खरें तें सांगितलें पाहिजे. जोन्स यांनीं मोडलेलीं हाडें जोडिलीं. हाडें मोडण्याचें थांबविलें नाहीं. तें त्यांच्या हातीं नव्हतें. कालवा १ जानेवारी १८९४ रोजीं जहाजांस खुला झाला, तोंपर्यंत शंभराहून अधिक मजूर त्या कामांत दगावले होते. जखमी मजुरास भरपाई मिळावयाची तर चूक मालकाची होती हें त्यानें कोर्टांत सिद्ध करावें असा तेव्हां कायदा होता. मोडक्या पायाचा, निरक्षर, परगांवचा मजूर हें कसें सिद्ध करणार? १८९७ सालीं इंग्लंडांत नवा कायदा झाला आणि कारखाने, खाणी, रेल्वे अशा ठराविक धोक्याच्या धंद्यांत कामावर अपघात झाला कीं, चूक कोणाची हें न पाहतां, मालकानें भरपाई द्यावी असें ठरलें. त्यामुळें मजुरास पैसा मिळूं लागला, आणि शिवाय मजुराची हाडें मोडणें मालकासहि महाग पडूं लागलें. दगडाच्या काळजास दयेनें जें सुचत नाहीं तें कधीं कधीं हिशेबानें सुचतें. हिंदुस्थानांत असा कायदा १९२३ सालीं झाला.

मध्यंतरीं, १८९१ च्या जानेवारींत, ह्यू थॉमस वारले. वय अवघें छप्पन्न. त्यांच्या प्रेतयात्रेस गोदीचे हजारों मजूर, त्यांच्या बायका व मुलें लोटलीं. त्यांत कितीएक असे होते कीं ज्यांचे पाय त्या माणसानें वांचविले होते, आणि त्याच पायांनीं ते शेवटची सोबत करीत चालले होते. नेल्सन स्ट्रीटवरील घर, कारखाना आणि रविवारची ती गर्दी ह्या सर्वांचा भार जोन्स यांनीं उचलला. ह्याच सुमारास ते लिव्हरपूलच्या रॉयल सदर्न इस्पितळांत शस्त्रवैद्य झाले होते. नवीन साधनाची त्यांस किती आवड होती हें पुढील गोष्टीवरून दिसेल. क्ष-किरणांचा शोध लागल्याची बातमी १८९६ च्या आरंभीं इंग्लंडांत पोहोंचली. त्याच फेब्रुवारींत बंदुकीची गोळी मनगटांत रुतलेल्या एका मुलास घेऊन ते प्रोफेसर ऑलिव्हर लॉज यांच्या प्रयोगशाळेंत गेले, आणि तेथें त्या गोळीची छाया कांचेवर उमटली. ह्यापूर्वीं अशी गोळी शोधण्यास मुलाचा हात चिरून चांचपावा लागे.

आतां एका बाईंची ओळख करून देणें अवश्य आहे. ॲग्नेस हंट यांचा जन्म १८६६ सालचा. लहानपणीं टाचेस झालेल्या फोडाचें विष अंगांत भिनलें, आणि त्यांचा खुब्याचा सांधा कायमचा बिघडला. कुबड्यांवर चालणारी ही मुलगी पुढें परिचारिका झाली. १९०० सालीं त्यांनीं श्रॉपशायर परगण्यांतील बासचर्च ह्या खेड्यांत लंगड्या व आजारी मुलांसाठीं एक लहानसें विश्रांतिगृह काढलें. घर जुनें, जिने अरुंद. सांच्यांत बांधलेल्या मुलांस त्यावरून वर नेणें कठीण. म्हणून त्यांनीं बागेंत एका बाजूनें उघड्या असलेल्या छपऱ्या घातल्या आणि मुलांच्या खाटा तेथें मांडल्या. सोय नव्हती म्हणून केलेल्या ह्या गोष्टीनेंच मुलांस मोकळी हवा आणि ऊन मिळालें, आणि तीं झपाट्यानें सुधारूं लागलीं. त्या काळीं हाडांचा क्षय पुष्कळ मुलांस होई. क्षयी गाईचें न उकळलेलें दूध हें त्याचें एक मोठें कारण होतें. त्यावर औषध नव्हतें. चांगलें अन्न, हवा, ऊन आणि विश्रांति इतकाच उपाय होता.

१९०३ सालीं ॲग्नेस बाई आपल्याच दुखण्यासाठीं जोन्स यांच्याकडे गेल्या, आणि मग आपल्या मुलांनाहि त्यांच्याकडे नेऊं लागल्या. पाय बांधलेलीं मुलें घेऊन खेड्यांतून लिव्हरपुलास जाणें-येणें म्हणजे मोठा व्याप. हें पाहून, मुलांनीं डॉक्टराकडे येण्याऐवजीं डॉक्टरानेंच मुलांकडे जावें असें जोन्स यांनीं ठरविलें. पुढल्या वर्षापासून ते बासचर्चास नेमानें येऊं लागले आणि सुट्टीच्या दिवशीं तेथें शस्त्रक्रिया करूं लागले. इंग्लंडांतील नामांकित शस्त्रवैद्य खेड्यांतल्या शेळ्या-मेंढ्यांच्या शेजारीं, छपराखालच्या खाटांमधून फिरत आहे, असें दृश्य त्या परगण्यांत नित्याचें झालें.

तरीहि एक अडचण राहिलीच. मूल बरें होऊन घरीं जाई आणि वर्षा-सहा महिन्यांनीं पुन्हां वांकडें होऊन परत येई. आईस वाटे, लोखंडी आधार मुलाला टोंचतो, म्हणून ती तो काढून ठेवी. मूल वाढे आणि आधार तोकडा पडे. चामड्याचा पट्टा तुटे, पण तो शिवून आणण्यास पैसे नसत. इस्पितळांतील सहा महिन्यांचें काम घरच्या सहा आठवड्यांत वाहून जाई. म्हणून ॲग्नेस बाईंनीं आसपासच्या गांवीं ठराविक दिवशीं उघडणाऱ्या लहान देखरेखीच्या खोल्या सुरू केल्या. तेथें शिकलेली परिचारिका येई, पट्टे तपासी, आधार लांबवी, आईस समजावून सांगे, आणि ज्यास गरज असेल त्यालाच इस्पितळीं धाडी. आमच्या मतें जोन्स व ॲग्नेस बाई ह्या दोघांच्या सर्व कामांत हें सर्वांत मोलाचें होतें, आणि ह्याचीच प्रसिद्धि सर्वांत कमी झाली. शस्त्रक्रियेचें नांव होतें. तुटलेला पट्टा शिवणाऱ्याचें होत नाहीं.

१९१४ सालीं महायुद्ध पेटलें. फ्रान्सच्या खंदकांतून हजारों शिपाई हातपाय मोडून परत येऊं लागले. जोन्स यांस तेव्हां सत्तावन्न वर्षें झालीं होतीं. त्यांनीं लष्करी छावण्यांतून फिरून पाहिलें तों किती तरी जणांचीं हाडें वांकडीं जुळलेलीं, आणि थोड्या उपचारानें कामास लायक होतील अशीं माणसें अपंग म्हणून घरीं धाडलेलीं. पुन्हां तेंच दृश्य, जें त्यांनीं चाळीस वर्षांपूर्वीं गोदींत पाहिलें होतें.

ह्यू थॉमस यांनीं घडविलेला लोखंडी सांचा आतां कामास आला. तो अगदीं साधा आहे. एक कातडें चढविलेलें कडें मांडीच्या मुळाशीं बसतें. त्यापासून दोन लोखंडी सळया पायाच्या दोहों बाजूंनीं खालीं जातात आणि तळपायाच्या पलीकडे एकमेकींस मिळतात. पाऊल दोरीनें त्या टोंकास ताणून बांधितात. वर कडें बैठकीच्या हाडास टेकतें, खालीं दोरी ओढते, आणि मांडी ताणून सरळ राहते. तुटलेलीं टोंकें मांसांत घुसत नाहींत. रोग्यास डोलींत घालून कोसभर नेलें तरी आंत कांहीं हालत नाहीं. जोन्स यांनीं व त्यांच्या मताच्या डॉक्टरांनीं हा सांचा थेट रणांगणावर पोहोंचविण्याचा आग्रह धरिला. डोली वाहणाऱ्यांस कवाइतीप्रमाणें तो बांधण्याचें शिक्षण दिलें, इतकें कीं अंधारांतहि त्यांस तो बांधतां यावा. मांडीचें हाड मोडून जखम उघडी पडलेल्या शिपायांपैकीं १९१६ च्या सुमारास शंभरांत ऐशीं दगावत, आणि १९१८ पर्यंत तें प्रमाण विसांच्या आसपास आलें, असा हिशेब त्या काळच्या वैद्यांनीं मांडिला आहे. पहिला आंकडा अंदाजी धरला तरी हजारों घरांतील कर्ते पुरुष ह्या दोन सळयांमुळें परत आले ह्यांत शंका नाहीं.

येथें आम्हांस एक दुःखाची गोष्ट आठवते. त्याच युद्धांत हिंदी सैन्याची सहावी पुणें डिव्हिजन मेसापोटेमियांत लढत होती. तींत मराठा पलटणीहि होत्या. १९१५ च्या नोव्हेंबरांत टेसिफन येथें मोठी लढाई झाली. तेथील जखमींस कमानी नसलेल्या दुचाकी सामानगाड्यांत घालून खडबडीत वाळवंटांतून नदीपर्यंत नेण्यांत आलें. ह्या हालअपेष्टांची पुढें सरकारनेंच चौकशी केली, आणि १९१७ सालीं तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. कोंकण-देशावरच्या त्या शिपायांचीं हाडें फ्रान्समधल्या शिपायांच्या हाडांहून कांहीं निराळीं नव्हतीं. ज्ञान तेव्हां होतें. तें सर्वांच्या वांट्यास आलें नाहीं.

हाड जुळलें म्हणजे काम संपलें असें जोन्स कधींच मानीत नसत. १९१६ सालीं लंडनच्या शेफर्ड्स बुश भागांत त्यांच्या देखरेखीखालीं मोठें लष्करी इस्पितळ उघडलें. तेथें त्यांनीं वार्डांच्या शेजारीं कारखाने घातले. ज्याचा हात आंखडला त्याच्या हातीं सुताराचा रंधा द्यावा, ज्याचा घोटा ताठला त्यास पायानें चालणाऱ्या यंत्रावर बसवावें. म्हणजे सांधाहि मोकळा होतो आणि धंदाहि येतो. महिनोन्‌महिने खाटेवर पडून मन खचलेल्या माणसास आपल्या हातून एक खुर्ची तयार झाली हें पाहून जो धीर येतो तो औषधाच्या बाटलींत नसतो. पदच्युत झालेले पोर्तुगालचे राजे मॅन्युएल हे ह्या कारखान्यांसाठीं खपत होते. युद्ध संपेपर्यंत जोन्स यांच्या देखरेखीखालीं देशभर वीस हजारांवर खाटा आल्या. लंडनच्या कांहीं वजनदार शस्त्रवैद्यांस हें रुचलें नाहीं. आपल्या हातचे रोगी हा लिव्हरपूलचा माणूस घेऊन जातो असें त्यांस वाटलें. जोन्स यांनीं कोणाशीं भांडण केलें नाहीं, आणि काम सोडलेंहि नाहीं. १९१७ सालीं त्यांस सर हा किताब मिळाला.

युद्ध संपलें तेव्हां बहुतेकांनीं सुस्कारा टाकला. जोन्स यांनीं मात्र एक सरळ प्रश्न पुढें मांडिला : शिपायासाठीं जें झालें तें मजुराच्या मुलासाठीं कां होऊं नये? १९१९ सालीं त्यांनीं आपले तरुण सहकारी गर्डलस्टन यांच्यासह साऱ्या देशासाठीं एक योजना प्रसिद्ध केली. दर विभागास खुल्या हवेंत एक मध्यवर्ती अस्थि-इस्पितळ असावें, आणि त्याच्या भोंवतीं गांवोगांवीं देखरेखीच्या लहान शाखा असाव्या. मूल लहान असतांनाच सांपडावें, त्यास लवकर आणावें, आणि घरीं गेल्यावरहि हातचें सोडूं नये. बासचर्चच्या बागेंतली युक्तीच आतां देशाची योजना झाली. १९२१ सालीं ॲग्नेस बाईंचें इस्पितळ ऑस्वेस्ट्रीजवळच्या लष्करी इमारतींत हललें, आणि १९२७ सालीं त्यांनीं जवळच अपंग तरुणांस धंदे शिकविण्याची शाळा काढली.

आमचे पुष्कळ वाचक डोंगरकपारींतल्या गांवीं राहतात, आणि अपघात झाला म्हणजे उपदेशकाला किंवा मास्तरालाच प्रथम हांक येते, म्हणून जोन्स यांच्या शिकवणीतलें थोडेंसें येथेंच सांगून ठेवितों. पडलेल्या माणसास घाईनें उठवूं नये. पाय मोडल्यासारखा दिसला तर त्याच जागीं, गादी किंवा कापड मध्यें घालून, सरळ बांबूच्या कांबी दोहों बाजूंनीं बांधाव्या. कांहींच नसेल तर मोडका पाय चांगल्या पायासच बांधावा. जखमेंतून हाड बाहेर आलें असेल तर तें आंत ढकलूं नये. स्वच्छ फडकें झांकावें. मान किंवा पाठ दुखावली असेल तर माणूस फळीसारखा सरळ ठेवूनच चौघांनीं उचलावा. बांधल्यावर बोटें थंड, निळीं किंवा बधिर होऊं लागलीं तर बांध ताबडतोब सैल करावा. हाडवैद्यांस आम्ही तुच्छ लेखीत नाहीं. जोन्स यांची विद्या त्यांच्याच घराण्यांतून आली. पण घट्ट आवळलेल्या कांबींनीं रक्त बंद होऊन चांगला हात सडल्याचीं व कापावा लागल्याचीं उदाहरणें आपल्या देशांतील इस्पितळांतून वारंवार येतात. बांधून झालें कीं इस्पितळ गांठावें.

आजहि, जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानें, दरवर्षीं सुमारें ४४ लाख माणसें इजांमुळें मरतात, आणि त्यांतील बहुतेक गरीब व मध्यम स्थितीच्या देशांतील असतात.

जोन्स वृद्धापकाळींहि थांबले नाहींत. ठिकठिकाणचीं नवीं इस्पितळें पाहणें, तरुण डॉक्टरांस हातीं धरून शिकविणें, अमेरिकेपर्यंत जाऊन व्याख्यानें देणें असा त्यांचा क्रम चालूं होता. १९२६ सालीं त्यांस बॅरोनेट करण्यांत आलें. श्रीमंतांकडून मिळालेल्या फीचा पैसा त्यांच्या हातांत फारसा टिकत नसे. १४ जानेवारी १९३३ रोजीं वेल्समधील लानफेखान गांवाजवळच्या घरीं त्यांनीं देह ठेविला. त्यांची रक्षा लिव्हरपूलच्या कॅथेड्रलांत पुरण्यांत आली, तेथून ती जुनी नेल्सन स्ट्रीट फार दूर नाहीं. त्याच वर्षीं ऑस्वेस्ट्रीच्या इस्पितळास त्यांचें व ॲग्नेस हंट यांचें जोडनांव देण्यांत आलें. ॲग्नेस बाई त्यानंतर पंधरा वर्षें, १९४८ पर्यंत जगल्या. तें इस्पितळ आजहि चालूं आहे.